रातांब्याचा हिशोब

आपल्या मेसच्या आमटीत कधी कधी काळपट, चिवट असं काहीतरी दाताखाली येतं. बहुतेक जण ते ताटाच्या कडेला काढून ठेवतात. माझ्या यवतमाळच्या रूम पार्टनरने तर पहिल्या वर्षी ते चिमटीत धरून विचारलं होतं, "अबे, ही चिंच आहे का चामडं?" तर मंडळी, ते आमसूल. ज्या फळाच्या सालीचं ते बनतं त्याला आमच्याकडे, म्हणजे सिंधुदुर्गात, रातांबा म्हणतात. गोव्याच्या बाजूला सरकलात की त्याचं भिरंड होतं आणि बाजारात गेलं की कोकम. सोलकढी सगळ्यांनी प्यायलेली असते, सरबतही. पण झाड पाहिलंय का असं विचारलं तर आमच्या वर्गातल्या साठ जणांपैकी कोकणातली चार पोरं सोडून एकही हात वर आला नाही.

मेकॅनिकलच्या पोराने कॉलेजच्या मासिकात शेतीवर का लिहावं, असं वाटेल. पण या झाडाची अडचण शेतीची कमी आणि आपल्या सिलॅबसची जास्त आहे. एक भाग संभाव्यतेचा (एम-थ्री आठवा) आणि दुसरा हीट अँड मास ट्रान्सफरचा. घाबरू नका, फॉर्म्युले फार नाहीत.

आधी झाडाची ओळख. शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. मँगोस्टीन नावाचं जे महागडं फळ मोठ्या शहरांत मिळतं, त्याचं हे भावकीतलं झाड. मूळ घर सह्याद्री आणि त्याच्या पश्चिमेची पट्टी: कोकण, गोवा, कारवार. दहा-पंधरा मीटर उंच, शेंड्याकडे निमुळतं, फांद्या खाली झुकलेल्या, पानं गडद हिरवी आणि कोवळी पालवी लालसर. लांबून पाहिलं तर कोणीतरी शोभेसाठी लावलंय असं वाटतं. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधी वनस्पतींच्या पुस्तकात या फळाचा उल्लेख आहे. त्याने लिहिलेलं नाव आपल्या 'भिरंड'चंच पोर्तुगीज रूप. गंमत म्हणजे 'गार्सिनिया' हे नाव मात्र या गार्सियावरून नाही पडलेलं. ते लॉरां गार्सां नावाच्या अठराव्या शतकातल्या दुसऱ्याच निसर्ग अभ्यासकावरून आहे. क्विझमध्ये विचारलं तर लक्षात ठेवा.

हे झाड मागतं काय? जवळजवळ काहीच नाही. जांभ्या दगडाची जमीन चालते, डोंगराचा उतार चालतो, नारळ-सुपारीच्या बागेतली सावली चालते. सोटमूळ खोल जातं, त्यामुळे एकदा झाड रुजलं की उन्हाळ्यात पाणी नाही दिलं तरी तग धरतं. हापूसवर मोहोर आल्यापासून जेवढे फवारे मारावे लागतात, त्याचा रातांब्याला पत्ताच नसतो. पावसाळ्यात कधी फांदीवर गुलाबी बुरशी येते. तेवढी फांदी कापायची आणि कापल्या जागी बोर्डो पेस्ट लावायची. खरा शत्रू म्हणजे माकडं. त्यांच्यावर कुठल्याही विद्यापीठाने अजून औषध काढलेलं नाही.

एवढं सोपं झाड असून त्याच्या बागा का नाहीत? परसात दोन, बांधावर चार, रानात असतील तेवढी, असंच कोकम वर्षानुवर्षं राहिलं. आमचीही तशीच चौदा झाडं आहेत. आजोबांच्या आधीपासूनची, कोणी लावली कोणालाच माहीत नाही. त्या चौदांपैकी सहा झाडांनी आजवर एकही फळ दिलेलं नाही आणि पुढेही देणार नाहीत. कारण ती नर आहेत.

इथे पहिला हिशोब येतो. कोकमात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं. (क्वचित एखाद्या झाडावर दोन्ही तऱ्हेची फुलं येतात, पण तो अपवाद.) बी पेरून आलेलं रोप नर की मादी, हे त्याच्या पानावरून, खोडावरून, कशावरूनही ओळखता येत नाही. ते कळतं पहिलं फूल आल्यावर. नराची फुलं झुबक्याने येतात, मधे पुंकेसरांचा गठ्ठा. मादी फुलात मधोमध छोटी हिरवी गोळी दिसते, तोच पुढचा रातांबा. पण बियांच्या झाडाला फूल यायलाच सात-आठ वर्षं लागतात! म्हणजे आज रोप लावणाऱ्या बारावीच्या पोराला आपलं झाड काय निघालं हे समजेपर्यंत तो डिग्री घेऊन (बॅकलॉग धरूनसुद्धा) नोकरीला लागलेला असतो.

नर-मादीचं प्रमाण ढोबळमानाने निम्मं-निम्मं धरा. कोणी दहा रोपं लावली तर सरासरी पाच मादी निघतील. पण सरासरीवर शेतकऱ्याचं पोट भरत नाही. दहापैकी तीन किंवा त्याहून कमी मादी निघण्याची शक्यता किती? बायनॉमियल मांडा : १ अधिक १० अधिक ४५ अधिक १२०, म्हणजे १७६, भागिले १०२४. सतरा टक्के. दर सहा शेतकऱ्यांपैकी एकाची सात वर्षं आणि दहा खड्डे असे वाया जाणार. एवढी जोखीम घेण्यापेक्षा माणूस सरळ काजू लावतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

उपाय आहे आणि तो नवीनही नाही : कलम. ज्या झाडाचं फळ तुम्ही स्वतः पाहिलंय, चाखलंय, त्याच मादी झाडाची काडी रोपावर बांधायची. पद्धतीला मृदकाष्ठ कलम म्हणतात. कोकमाचं ताजं बी पावसाळ्यात पिशवीत लावायचं (वाळवून ठेवलेलं बी फार दिवस टिकत नाही, उगवतच नाही). रोप कलमाजोगं झालं की त्याचा कोवळा शेंडा छाटून खोडाला मधोमध उभा काप द्यायचा, मादी झाडाच्या काडीला पाचरीसारखं तासून त्यात बसवायचं, प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं आणि वरून बारीक पिशवीची टोपी घालायची. वर्कशॉपमध्ये आपण लाकडाचे सांधे करतो ना, तसंच. फक्त इथे सांधा जिवंत असतो आणि सबमिशनची तारीख झाड ठरवतं.

यात एक खोच आहे आणि ती मला सगळ्यात भारी वाटते. कोकमाच्या झाडाला दोन प्रकारच्या फांद्या असतात. मधला शेंडा सरळ वर जातो आणि बाजूच्या फांद्या आडव्या पसरतात. काडी आडव्या फांदीवरून घेतली तर कलम जगतं, पण ते झाड पुढे वर जायचं नावच घेत नाही. आयुष्यभर आडवं, झुडपासारखं पसरत राहतं. जणू त्या काडीला आपण फांदी होतो हे आठवत असतं. उंच, सरळ झाड हवं असेल तर काडी उभ्या शेंड्याचीच हवी. पण एका झाडाला उभा शेंडा असतो एक! त्यामुळे चांगल्या कोकमाच्या काड्यांचा तुटवडा असतो. रोपवाटिकेत कलम घेताना फक्त 'मादी आहे ना?' एवढं विचारून थांबू नका, 'काडी कुठली?' हेही विचारा. झुडूपवजा झाड काढणीला सोयीचं पडतं असं म्हणणारेही आहेत. पटण्यासारखं आहे, पण मग अंतर, छाटणी सगळंच वेगळं धरावं लागेल. आमच्यासारख्या उतारावरच्या जागेत मला तरी सरळ झाडच बरं वाटतं.

जातींचं म्हणाल तर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने दोन जाती दिल्या आहेत. 'कोकण अमृता' ही १९९७ सालची. फळ मध्यम, साल जाड, आणि मुख्य म्हणजे ते लवकर तयार होतं, पावसाच्या आत काढणी उरकते. हा गुण का महत्त्वाचा, ते पुढे येईलच. दुसरी 'कोकण हातीस'. हिची फळं चांगलीच मोठी, पण झाड निव्वळ मादी. म्हणून बागेत नर झाड हवंच. साधारण दहा मादी झाडांमागे एखादा नर पुरतो. एकही नर न ठेवता सगळीच मादी कलमं लावणारे महाभाग असतात, आणि मग फळ का धरत नाही म्हणून कृषी सहायकाला फोन करतात.

लागवड अशी. सहा बाय सहा मीटरवर, दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डे उन्हाळ्यात खणायचे, चांगली माती आणि शेणखत घालून भरायचे आणि पाऊस नीट लागला की कलम लावायचं. या अंतराने हेक्टरी २७७ झाडं बसतात. पण मी निव्वळ कोकमाची बाग करा म्हणणार नाही. नारळाच्या दोन झाडांमधल्या रिकाम्या जागेत हे छान वाढतं. पहिली दोन वर्षं मात्र पोराप्रमाणे जपावं लागतं : वर झावळांची सावली, उन्हाळ्यात पाणी, आणि सांध्याच्या खालून फुटणारे कोंब खुडत राहणं. हे कोंब राहिले तर ते वरच्या कलमाला मारून टाकतात, आणि तुम्ही प्रेमाने वाढवता ते मुळाचं, नर की मादी माहीत नसलेलं झाड! खतं थोडी. पहिल्या वर्षी पन्नास ग्रॅम नत्र, पंचवीस-पंचवीस ग्रॅम स्फुरद आणि पालाश. दरवर्षी तेवढंच वाढवत दहाव्या वर्षापर्यंत न्यायचं. शेणखतही त्याच बेताने दोन किलोपासून वीस किलोपर्यंत. कलमाला चौथ्या-पाचव्या वर्षापासून फळ दिसायला लागतं.

आता दुसरा हिशोब, तारखेचा. हा जास्त दुखरा आहे.

कोकमाला फुलं येतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि फळ पिकतं एप्रिल-मे मध्ये. तेही सगळं एकदम नाही. आज चार, परवा दहा, असं करत सहा-सात तोडण्या होतात. बियांपासून वाढलेल्या जुन्या झाडांचा मोठा हिस्सा मे महिन्याच्या उत्तरार्धात येतो. तळकोकणात मोसमी पाऊस येण्याची रूढ तारीख ७ जून. म्हणजे उशिरा पिकणाऱ्या झाडाच्या हातात फळ पिकून, काढून, साल वाळवून व्हायला फार तर दोन-तीन आठवडे. आणि पाऊस काही कॅलेंडर बघून येत नाही. २०२१ मध्ये तौक्ते वादळ १५-१६ मेलाच किनाऱ्यावरून गेलं. आणि २०२५ मध्ये तर कहर झाला. २५ मे रोजी मोसमी पाऊस महाराष्ट्रात दाखल झाला, पस्तीस वर्षांत एवढ्या लवकर आला नव्हता, आणि त्याच्याही आधी चार-पाच दिवस अवकाळीने झोडपलं होतं.

त्या आठवड्यात मी घरी होतो. परीक्षा आटोपून गेलो होतो ते आंबे खायला. अंगणात तीन मांडव सोलांनी भरलेले. आजी दिवसातून चार वेळा आभाळाकडे बघायची. दुपारी ढग आले की घरातले सगळे धावत सुटायचे, सुपं-टोपल्या भरून पडवीत. ऊन पडलं की परत बाहेर. तीन दिवस असं केलं. चौथ्या दिवशी ऊन पडलंच नाही. पडवीत पसरलेल्या सोलांवर पांढरी बुरशी धरली, घरभर आंबूस वास. झाडावरचे पिकलेले रातांबे भिजून, फुटून खाली पडले होते ते वेगळेच. आजी एवढंच म्हणाली, "झिला, पावस इलो तो इलो, पण सांगान तरी येवचा मां." बाबा मात्र त्या रात्री जेवताना म्हणाले की झाडं तोडून काजू लावतो. चौदाही. त्यांचं चूक नव्हतं. काजूची बी वाळवायला सोपी, वाळली की टिकते, आणि गिऱ्हाईक दारात येतं.

नेमकं काय वाया गेलं ते कळायला आमसूल कसं होतं ते सांगायला हवं. रातांबा मधून कापायचा. आत पाच-आठ बिया, भोवती पांढरट आंबटगोड गर. बिया-गर काढून एका भांड्यात, साली दुसरीकडे. फळाच्या वजनात जवळपास निम्मी साल. गराच्या आणि फळाच्या रसात मीठ घालायचं, त्यात साली बुडवायच्या, मग उन्हात पसरायच्या. संध्याकाळी गोळा करून परत रसात. याला पुटं देणं म्हणतात. चार, पाच, सात, जेवढी पुटं तेवढं आमसूल काळंभोर, आंबट आणि मऊ. आठवडाभराचं काम, आणि आठही दिवस कडक ऊन हवं. आमच्या घरच्या अंदाजाने शंभर किलो रातांब्यांचं दहा-बारा किलो आमसूल होतं. बाजारात निव्वळ फळ विकलं तर वाहतूकखर्चही जेमतेम सुटतो, पैसा आहे तो या दहा-बारा किलोंत. म्हणून वाळवण बुडालं की वर्ष बुडालं.

वाळवणं टाळायचंच असेल तर दोन वाटा आहेत. एक आगळ. साली आणि मीठ थरावर थर देऊन बरणीत भरायचं, रोज ढवळायचं, आठवड्याने जो दाट लाल रस सुटतो तो गाळून ठेवायचा. सोलकढी याचीच. दुसरं सरबताचा पाक, ज्याला अमृत कोकम म्हणतात. सालींच्या दुप्पट साखर घेऊन असंच मुरवायचं. दोन्हींना उन्हाची गरज कमी. पण घरी बरण्या किती असणार? आणि पावसाच्या भीतीने गावातली सगळीच घरं एकाच आठवड्यात आगळ करायला लागली तर आगळही स्वस्त होणार.

बाबांशी वाद घालण्यापेक्षा मी सुट्टी संपताना पाच किलो आमसूल आणि एक आकडा घेऊन हॉस्टेलवर परत आलो. आकडा असा. मे महिन्यातल्या ढगाळ दिवशी हवा ३२ अंश आणि दमटपणा ७५ टक्के धरा. अशा हवेत सोल वाळत नाही, त्यातून त्यात मीठ असल्याने ती उलट हवेतलंच पाणी ओढून घेते. पण हीच हवा, तिच्यातलं पाणी तेवढंच ठेवून, ५० अंशांपर्यंत तापवली तर तिचा सापेक्ष दमटपणा २९ टक्क्यांवर येतो. सायक्रोमेट्रिक चार्ट काढून बघा. म्हणजे आपल्याला कडक उन्हाची गरज नाही, अठरा अंशांच्या फरकाची आहे.

उष्णता किती लागेल? शंभर किलो फळाची पन्नास किलो साल, त्यात समजा ८० टक्के पाणी. शेवटी २० टक्के पाणी ठेवायचं तर साडेसदतीस किलो पाणी उडवायचं. किलोमागे २.४ मेगाज्यूल, म्हणजे ९० मेगाज्यूल, म्हणजे २५ युनिट. उन्हातून मे महिन्यात एका चौरस मीटरला दिवसाला पाच-साडेपाच युनिट मिळतात. साध्या ड्रायरची कार्यक्षमता ३० टक्के धरली तर हाती दीडेक युनिट. चार चौरस मीटरचा ड्रायर चार दिवस. पण थांबा, पुटं! प्रत्येक पुटाला आपण पुन्हा पाणी भरतोच आहोत. म्हणून मी सरळ दुप्पट धरलं, आठ चौरस मीटर. अंगणातल्या एका मांडवाएवढंच होतं ते. आणि ऊन अजिबात नसलेल्या दिवशी खालून नारळाच्या करवंट्यांची शेगडी. धूर सालीला लागू नये म्हणून नळकांडं बाहेरून फिरवायचं. उष्णता ६० अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही, नाहीतर रंग जातो.

रंगाचं एक मधेच सांगून टाकतो. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन या गटातल्या रंगद्रव्यांचा. ते आम्लात लाल असतं. सरबताच्या पेल्यात चिमूटभर खायचा सोडा टाका, फेस येईल आणि लाल रंग निळसर-हिरव्याकडे झुकेल. फुकटचा इंडिकेटर. (नंतर ते पिऊ नका. एकाने प्यायलं.)

ड्रायरची छोटी प्रतिकृती, एक चौरस मीटरची, आम्ही तिघांनी वर्कशॉपमध्ये बनवली. ट्रेसाठी वर्कशॉपच्या मामांनी जस्ताचा मुलामा दिलेली जाळी सुचवली, कारण ती पडून होती. तिचा एक तुकडा रात्रभर आगळात बुडवून ठेवला. सकाळी जाळीवर बुडबुडे आणि मुलामा काळवंडलेला. कोकमाचा पीएच दोनच्या आसपास, वर मीठ. जस्त त्यात विरघळणारच, आणि ते पोटात जाणार. ॲल्युमिनियमचीही तीच कथा, म्हणून तर आजी कोकम कधी ॲल्युमिनियमच्या टोपात ठेवत नाही. शेवटी स्टेनलेस स्टीलची जाळी महाग पडली म्हणून बांबूच्या तट्ट्या वापरल्या. नोव्हेंबरमध्ये हॉस्टेलच्या गच्चीवर मीठ लावलेल्या आवळ्याच्या फोडी घालून चाचणी घेतली. दुपारी आत ५२ अंश दाखवत होता थर्मामीटर. फोडी किती दिवसांत वाळल्या याची नोंद अपुरी आहे, कारण तिसऱ्या दिवशी निम्म्या फोडी गायब होत्या. वॉचमन मामा म्हणतात माकडं असतील.

बियांबद्दल लिहायचं राहिलं. त्या फेकायच्या नसतात. धुऊन वाळवून, टरफल काढून, आतला मगज कुटून पाण्यात उकळला की वर चरबी तरंगते. थंड झाल्यावर ती गोठते, मुठीत दाबून तिचे लाडू करतात, म्हणून मुठेल. आमच्याकडे थंडीत भेगा पडलेल्या टाचांना तेच लागतं. बियांच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा हे तेल निघतं. ते चाळीस अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे कोकणच्या उन्हाळ्यातही घट्ट राहतं. युरोपियन युनियनने २००० साली चॉकलेटचा जो नियम केला त्यात कोकोच्या लोण्याबरोबर पाच टक्क्यांपर्यंत ज्या सहा वनस्पती चरब्या घालायला परवानगी आहे, त्यात कोकम आहे. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे ते टाचेचा त्याल खातत?"

याच्या उलट, वजन कमी करणाऱ्या गोळ्यांच्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. कोकमात हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं हे खरं. पण याच आम्लासाठी गाजलेल्या गार्सिनिया कंबोजियावर, म्हणजे केरळातल्या कुडमपुळीवर, अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये १९९८ साली प्रयोग छापून आला. १३५ माणसं, बारा आठवडे. गोळी घेणाऱ्यांत आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत वजनाचा म्हणावा असा फरक निघाला नाही. सोलकढी चवीसाठी प्या.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं, पण मानांकनाने सोल वाळत नाही.

तर बाबांनी झाडं तोडली का? आठ मादी झाडं आहेत तशीच आहेत. सहा नरांपैकी दोन ठेवले, दोन पडले (त्यांचं लाकूड मांडवाला आलं), आणि उरलेले दोन कमरेच्या उंचीवर छाटले. छाटलेल्या बुंध्याला सरळ उभे धुमारे फुटतात. त्या धुमाऱ्यांवर आमच्या सगळ्यात लवकर पिकणाऱ्या झाडाच्या, जे दरवर्षी मेच्या पहिल्या आठवड्यातच लाल होतं, उभ्या शेंड्याच्या काड्या बांधल्या. कलम बांधायला गावातला माळी आला होता, मी फक्त पट्टी धरली. सोळा बांधली, अकरा धरली. मूळ जुनं, पन्नास-साठ वर्षांचं, त्यामुळे पिशवीतल्या कलमापेक्षा लवकर फळ येईल असं माळी म्हणतो. बाजूला २०२५ च्याच पावसाळ्यात 'कोकण अमृता'ची दहा कलमं लावली आहेत. काजूसाठी बाबांनी वरचा डोंगर साफ करायला घेतलाय, तो वेगळा विषय.

कोणाला कलमं हवी असतील तर वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रात किंवा दापोलीला विद्यापीठाच्या रोपवाटिकेत पावसाआधी चौकशी करा, नंतर संपतात. आणि ड्रायरचं ड्रॉइंग माझ्याकडे आहे, बी ब्लॉक, दुसरा मजला. आठ चौरस मीटरवाला बनवायला अजून दोन हात आणि एक वेल्डिंग येणारा माणूस हवाय.